पाहुण्याचं वजन

पोस्टमास्तरकाकांच्या घरी एक कुस्तीगीर उतरला, कारण देशात खेळाडू जास्त येणार आणि हॉटेलं कमी आहेत, हे स्पर्धा भरवायचं कबूल केल्यावर सरकारच्या लक्षात आलं. शेजारच्या सगळ्या देशांचे संघ आपल्याकडे प्रथमच येत होते. तेव्हा घरोघरी एकेक पाहुणा वाटून देण्यात आला. काकूंच्या वाट्याला आलेला पैलवान ताटावर आडवा हात धरून सारखी मान हलवायचा.

"लाजतोय हो बिचारा," काकू म्हणायच्या आणि आणखी भात वाढायच्या.

आपल्याकडे पाहुण्याचा पहिला नकार हा शिष्टाचार, दुसरा आग्रहाची सोय आणि तिसरा होकार. त्याच्या देशात नकार म्हणजे नकारच असतो, ही अडचण कोणी कळवली नव्हती. शेवटी बाईंचं मन मोडवेना, म्हणून तो डोळे मिटून खायचा.

स्पर्धेसाठी वजन मोजायच्या आदल्या संध्याकाळी त्याचा प्रशिक्षक काटा घेऊन आला. त्याने पैलवानाला उभं केलं, आकडा वाचला आणि स्वतः मटकन खाली बसला. आपली भाषा त्याला मोडकीतोडकी यायची.

"बाई, दीड किलो जास्त. सकाळी जास्त, तर कुस्ती नाही. हा परत, घरी."

"अगं, वजनगट असतो त्यांचा!" काकांनी कपाळाला हात लावला. "वर्षानुवर्षं घाम गाळलाय पोरानं, आणि तू चार दिवसांत..."

"आणि 'त्याला जरा साय घाल' कोण म्हणालं?"

काकांना एकदम पंखा पुसायचा आठवला.

उपाय एकच, पळणं. दोन स्वेटर आणि वर काकांचा रेनकोट चढवून पैलवानाला गल्लीत सोडलं. पण परदेशी पाहुणा धापा टाकत दारावरून जाताना बघून कोणाला राहवेल? शिंप्याने सरबत पाजलं. औषधवाल्याने केळी भरवली. फेरी मारून तो परतला, तेव्हा काटा आणखी पुढे गेला होता.

आता मात्र काकूंनी कंबर कसली. हातात झाडू घेऊन त्या पैलवानाच्या पुढे पळू लागल्या.

"खबरदार कोणी काही दिलंत तर!"

"अहो काकू, घोटभर पाणी तरी?"

"थेंब नाही! व्हा आत!"

जन्मात कोणाला उपाशी न धाडलेली बाई दारोदार धमक्या वाटत चालली होती. मागून पैलवान, त्याच्यामागून काका. काकांचं वजन कोणी मोजणार नव्हतं, पण घरी एकट्याने बसायची त्यांची छाती नव्हती.

सकाळी काटा नेमका रेषेवर थांबला. काकू आनंदाने रडल्या.

पाठोपाठ त्याच गटातला आपल्या देशाचा पैलवान काट्यावर चढला. साऱ्या देशाची पदकाची आशा त्याच्यावर होती. तो दोन किलो जास्त भरला आणि जागच्या जागी बाद झाला. बिचारा मुक्कामाला स्वतःच्याच घरी होता.

पाहुण्याने सुवर्णपदक जिंकलं. निवेदकाने विचारलं, "या यशाबद्दल कोणाचे आभार मानाल?" पैलवान बराच वेळ बोलला. प्रशिक्षकाने ते गंभीरपणे इथल्या भाषेत आणलं.

"तो म्हणतो, दोन बायांचे. एक या काकू, यांनी मला जेवू दिलं नाही. दुसरी तुमच्या पैलवानाची आई. तिने त्याला जेवू दिलं."

सगळं मैदान एकमेकांकडे बघू लागलं. मग प्रेक्षकांत एक बाई कौतुकाने लाल होत उठून उभी राहिली आणि पहिली टाळी तिनेच वाजवली.