अश्रूंचा कारागीर आणि अपेंडिक्स

नर्सच्या गालावरचा अश्रू काढावा तर तो मीच! अख्ख्या न्यूयॉर्कात माझा हात धरणारा कोणी नाही. आमच्या नर्सछाप प्रेमकथांच्या कॉमिक्समध्ये एकजण चेहरे काढतो, दुसरा केस काढतो, तिसरा फुग्यांतले संवाद लिहितो. तो एकुलता एक टपोरा थेंब मात्र या मिल्टन हूस्काचा!

आता खरं सांगतो. इतकी वर्षं नर्सेस रडवल्या, पण हाडामासाची नर्स कधी जवळून पाहिली नव्हती. चाळिशी उलटलेली, लग्न नाही. घरी बोलायला एक रेडिओ, आणि तो माझं कधी ऐकून घेत नसे.

मी म्हटलं, खरी नर्स गाठायला अवघड ते काय? आमच्या गोष्टींत पेशंट डोळे उघडतो, नर्स वाकून बघते, दुसऱ्या पानावर प्रेम! मी पोट धरून थेट इस्पितळ गाठलं.

"कुठे दुखतंय?" नर्स डोम्ब्रोव्स्कीबाईंनी विचारलं. पन्नाशीच्या, दणकट, आवाज फौजदाराचा.

"अपेंडिक्स!" मी डावीकडे हात दाबून विव्हळलो. आमचा नायक तिथेच दाबतो!

"अहो, ते उजवीकडे असतं."

मी हळूच हात उजवीकडे सरकवला. नेमके तेव्हाच डॉक्टर आले.

"दुखणं सरकतंय? घ्या टेबलावर!"

"नको, नको! आता अगदी बरं वाटतंय!"

"एकदम थांबलं? मग फुटलंच! पळा!"

शुद्धीवर आलो तेव्हा माझं ठणठणीत अपेंडिक्स गेलेलं होतं.

रोज संध्याकाळी भेटीची घंटा व्हायची. इतरांकडे फुलं, केक, पोरंबाळं यायची. मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचो. पण पहिल्याच दिवशी शेजारची खुर्ची करकरली. डोम्ब्रोव्स्कीबाई! हातात मी उशाशी ठेवलेलं, माझं नाव छापलेलं कॉमिक.

"आम्हाला रडवणारे ते तुम्हीच होय? अहो, ड्युटीवर रडायला वेळ कुणाला? आमचे पाय दुखतात, पाय! ते काढा!"

मग त्या रोज येऊन बसायच्या. मांजराच्या तक्रारी सांगायच्या, माझी जेली खायच्या. मनातल्या मनात मी शेवटच्या पानावर पोचलो होतो. आमच्याकडे शेवटच्या पानावर मिठी असते.

घरी सोडायच्या दिवशी टाके सांभाळत विचारलं, "बाई, माझ्याबरोबर कॉफी प्याल?"

"अगं बाई! तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? ज्याला भेटायला कुणी येत नाही, त्याच्याजवळ आमच्यापैकी कुणीतरी बसायचं, असा या वॉर्डाचा रिवाज आहे. आजपासून त्या पलीकडच्या आजोबांची पाळी."

माझे डोळे भरून वाहायला लागले. बाईंनी मला नीट निरखलं.

"बघा, थेंब कधी एकटा नसतो. आणि आधी नाक वाहतं! घ्या, पुसा."

हातात पट्टीचा कापूस कोंबून त्या आजोबांकडे निघून गेल्या.

घरी येऊन मी नाक वाहणारी, पाय चोळणारी नर्स काढली. संपादकांनी ते पान परत पाठवलं. मी ते रेडिओशेजारी भिंतीवर लावलंय.

पोटाची उजवी बाजू तर आता संपली. डावीकडे काय काय असतं, याची सध्या चौकशी करतोय!