भोईर, २००३

विज्ञानाची प्रगती शोधांमुळे होत नाही, ती एकमेकांना दिलेल्या दाखल्यांमुळे होते. ओस्टरबर्गने आपल्या गाजलेल्या निबंधात हे सप्रमाण सिद्ध केलेच आहे, आणि तो तुमच्या वाचनात आलेला असणारच, म्हणून इथे पाल्हाळ लावत नाही. दुसऱ्याने त्याच्या पेपरात आपल्या पेपराचे नाव घातले की आपला एक दाखला झाला. असे पुरेसे झाले की माणूस प्रोफेसर होतो. बाकी प्रयोगशाळा, उंदीर वगैरे हौसेचा भाग.

आमच्या भिवंडीच्या कॉलेजात जीववैद्यक शिकवणाऱ्या डॉ. केसरीनाथ भोईर यांनी या शास्त्रात घातलेल्या भरीला तोड नाही. सर मूळचे टेमघरचे. हळदीला कुणी काय आहेर केला हे त्यांच्या घरात सगळ्यांना पाठ, आणि केला तसा परत केला नाही तर वर्षभर बोलणी खावी लागतात. सरांनी तीच रीत विज्ञानाला लावली. तुम्ही माझा दाखला द्या, मी तुमचा देतो. पेपर वाचायची अट नाही (आहेराची साडी घडी न मोडता सात घरं फिरते, म्हणून तिचा मान कमी होतो का?). बघता बघता सरांचे असे सोयरे नागपूर-कोल्हापूरपर्यंत पसरले.

सगळ्यात जास्त दाखले मिळाले ते २००३ सालच्या 'निजामपुऱ्यातील यंत्रमाग कामगारांच्या फुफ्फुसांतील कापसाची धूळ' या पेपराला. त्याच्या आधारे एकाने ही धूळ घातक ठरवली, दुसऱ्याने निरुपद्रवी, आणि तिसऱ्याने म्हशींच्या कासदाहावर उपाय सुचवला. इतका सर्वांच्या उपयोगी पडणारा पेपर विरळाच. त्यात उणीव म्हणाल तर एकच होती. तो लिहिलेला नव्हता.

म्हणजे लिहायचा होता. सरांनी शीर्षक आपल्या पेपरांच्या यादीत 'प्रसिद्धीच्या वाटेवर' म्हणून टाकले आणि तपासणीला निजामपुऱ्यात गेले, तर नेमके लोडशेडिंग. लूम बंद, धूळ नाही, कामगार ओट्यावर गाढ झोपलेले, एकही खोकेना. विज्ञान तिथेच थांबले. आहेर मात्र येतच राहिले.

२००८ साली प्रोफेसरपदाची मुलाखत लागली. भाचा धनेश याने आदल्या दिवशीच नाक्यावर फ्लेक्स लावला, 'प्रोफेसरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' (आमच्याकडे अभिनंदन आधी, निकाल सवडीने). त्याच दुपारी कॉलेजात नव्याने लागलेल्या तय्यबा मॅडम सरांकडे आल्या.

"सर, तुमच्या दोन हजार तीनच्या पेपरची एक कॉपी द्या ना. वाचायचाय."

या विषयाच्या इतिहासात अशी मागणी प्रथमच होत होती. 'शोधून देतो' म्हणून सरांनी मॅडमची बोळवण केली. उद्या समितीनेही मागितला तर?

घरी जाऊन त्यांनी थोरल्या बहिणीला, ताईला, सगळे सांगून टाकले. ताईने शांतपणे ऐकून घेतले.

"आता फ्लेक्स लागला हाय," ती म्हणाली. "तू प्रोफेसर न्हाय झालास त मी चार बायकांत कंच्या तोंडानं जावाचा?"

दुसऱ्या दिवशी समितीवर तीन विद्वान होते आणि अध्यक्षांनी नेमका तोच पेपर मागितला. भोईर सर तसे सरळ माणूस, खोटे बोलणे त्यांना फक्त लेखी जमते. ते म्हणाले, "सर, तो पेपर मी लिहिलाच नाही हो."

अध्यक्षांनी त्या पेपराचा दाखला चार ठिकाणी दिला होता, उरलेल्या दोघांनी तर पाठ्यपुस्तकात.

"मग मी काय वाचलं, भोईर?" अध्यक्षांनी विचारले.

प्रश्न बिनतोड होता. शेवटी रीतसर मतदान घेण्यात आले. पेपर अस्तित्वात आहे या बाजूने तीन मते, विरोधात एक (लेखकाचे). लेखकाचे विरोधी मत इतिवृत्तात नोंदवून त्यांची नेमणूक करण्यात आली, आणि 'उमेदवार कमालीचे विनयशील' असा शेराही मारण्यात आला. फ्लेक्स खरा ठरला, ताई पुढच्याच हळदीला ऐटीत गेली, आणि सरांना इतके हलके वाटले की त्यांनी शिपायाला मिठी मारली.

इकडे कॉपीची वाट पाहून कंटाळलेल्या तय्यबा मॅडम स्वतःच नारपोलीच्या यंत्रमागांवर गेल्या. लूम चालू असताना गेल्या. कामगार तपासले, खोकला ऐकला, पेपर लिहून पाठवला. तो परत आला. संपादकांनी कळवले होते की हे काम भोईर यांनी २००३ मध्येच करून ठेवले आहे. मॅडम तो कागद घेऊन तडक नव्या प्रोफेसरांच्या केबिनमध्ये शिरल्या.

सरांनी कागद वाचून घडी घालून परत दिला. मग म्हणाले, "मॅडम, पहिल्याच ओळीत माझा दाखला टाका. छापतील."

टाकला. छापला.

तुम्हाला हसू येत असेल, येऊ द्या. पण ओस्टरबर्गचा निबंध तुमच्या वाचनात आलेला असणारच, असे मी सुरुवातीला म्हटले तेव्हा तुम्ही निमूट मान हलवून पुढे गेलात. असा माणूस नाही आणि असा निबंधही नाही, मीच बसल्या जागी रचला. आता वाचलाच आहे तर कुठेतरी त्याचा दाखला द्या. मी तुमचा देईन. आहेर बाकी ठेवायची आमच्यात पद्धत नाही.