बच्छावकाकांचा हत्ती

शेजारच्या बच्छावकाकांनी लोकरीचा पहिला हत्ती पुरा केला आणि बादलीत बुडवला. बुडबुडे येतात का ते बघायला. अर्थात सगळीकडून आले. "पूर्ण लीक हाय," काका म्हणाले. मग तो हत्ती वाळेपर्यंत आमच्या दोरीवर सोंडेला चिमटा लावून लोंबत होता.

काका एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर फिटर होते. रिटायर होऊन नाशिकरोडला आमच्या बिल्डिंगमध्ये आले. "लीक चालायचं नाय," हे त्यांचं पालुपद. नळ असो, दुधाची पिशवी असो, नाहीतर घरातली गोष्ट बाहेर जाणं असो. हसायचं धाडस कुणी करत नसे, कारण माणूस कडू. मुलीनं, छायानं, मनमाडच्या एका रेल्वेवाल्याशी जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा काकांनी जिन्यात उभं राहून सगळ्यांना ऐकवलं, "मला पोरगी नाय." काकूंना मनमाडला जायची बंदी. त्या भाजीच्या निमित्तानं एसटीडी बूथवरून छायाशी बोलायच्या आणि मी बाहेर पिशवी धरून उभी राहायची. नातू झाल्याचं त्यांना तिथंच कळलं. त्याचं तोंड न बघताच त्या गेल्या. काकांना ते मी माफ केलेलं नाही.

म्हणून काकूंची क्रोशाची सुई आणि उरलेली लोकर घेऊन काका माझ्या दारात आले, "सुनंदा, नातवाला हत्ती करायचा हाय, शिकव," म्हणाले, तेव्हा मी म्हटलंच, "काकू होत्या तेव्हा सुचलं असतं तर?" त्यांनी सुई माझ्यापुढे धरली. शिकवलं मी, पण काकूंसाठी.

विद्यार्थी म्हणजे नुसता वैताग. लोकरीचा एक फास करायचा, त्यात टाके घालायचे आणि गोल वाढवत न्यायचं. पण काका प्रत्येक टाका पान्यानं आवळल्यासारखा आवळत. पुढच्या फेरीला सुईच शिरेना.

"सैल सोडा, काका."

"सैल म्हंजे किती? माप सांग."

बादलीच्या परीक्षेनंतर तर ते आणखीच आवळायला लागले. दुसऱ्या हत्तीत कापूस स्क्रू-ड्रायव्हरनं ठासला. टेबलावर ठेवला की ठक्क वाजायचा. काका खूश.

तो हत्ती घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, एका रविवारी ते मनमाडला गेले. छायानं दार उघडू नये, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

संध्याकाळी सरळ माझ्याकडे आले. हत्ती पिशवीतच होता.

"भेटली?"

"दारात. आत ये म्हणाली नाय. हत्ती दाबून बघितला. म्हणाली, लय कडक हाय, बाळाला लागंल. दिला परत."

"आणि बाळ?"

"आत रडत व्हतं. आवाज ऐकला."

बरं झालं, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण काका हत्तीच्या पोटाची शेवटची गाठ नखानं उकलत बसले होते. त्यांनीच आवळलेली, सुटतेय कशाची! मी कात्री पुढे केली.

"कापू नको. तुझ्या काकूची लोकर हाय."

बऱ्याच वेळानं गाठ सुटली. वर न बघता ते म्हणाले, "सैल टाका कसा घालत्यात, पुन्हा दाखव."

काकूंनी मला दाखवला होता, तसाच दाखवला. काकांनी घालून बघितला. घट्टच पडला.

"उसवा," मी म्हणाले.

त्यांनी उसवला.