दादाच्या फोटोतली खिंड

मला फक्त फोटो द्या, तो कुठे काढला ते मी सांगते. लष्करी फोटो असेल तर फारच उत्तम, कारण तिथे जागा मुद्दाम लपवलेली असते आणि लपवलेलं शोधण्यातच खरी गंमत! भौतिकशास्त्राची पदवी घेऊन नोकरीची वाट पाहत बसलेल्या माणसाला काहीतरी छंद हवाच. सावलीच्या लांबीवरून सूर्याची उंची काढायची, मागच्या डोंगराची कड नकाशाशी ताडून पाहायची, विजेच्या खांबांची ठेवण बघायची. जुन्या मासिकांतल्या रणगाड्यांच्या बऱ्याच जागा मी अशा शोधल्या होत्या. घरात कौतुक शून्य. मावशीचे यजमान, म्हणजे काका, म्हणायचे, हिला स्वतःचा चष्मा सापडत नाही आणि ही रणगाडे शोधते.

पण एक दिवस मावशी वरच्या मजल्यावरून फोन घेऊन खाली आली आणि माझ्या विद्येला पहिलं गिऱ्हाईक मिळालं.

तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, सैन्यात आहे. त्याची नुकतीच बदली झाली होती, पण कुठे ते तो सांगत नव्हता. विचारलं की गुप्त असतं म्हणायचा आणि विषय बदलायचा. मावशीची झोप उडाली होती. हाताशी होता एकच फोटो : गणवेशातला दादा, शेजारी खांब, मागे टेकडी.

"मला जागेचं नाव नको," ती म्हणाली. "तिथे थंडी किती आहे, तेवढं सांग. मग मला झोप लागेल."

मी पट्टी, नकाशे आणि कोनमापक घेऊन बसले. उत्तर आलं : आमच्याच शहरातली, पाण्याच्या टाकीमागची टेकडी. सायकलवरून जाता येईल इतकी जवळ!

मी हसले. रोज पाहिलेली गोष्ट डोळ्यांत बसते आणि मग सगळीकडे तीच दिसू लागते. उत्तर हास्यास्पद आलं की मोजमाप तपासावं, असं आम्हाला शिकवलेलं. मी तपासलं आणि चूक सापडलीच. फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखं उलटं चित्र देतो! मी फोटो उलटा केला. तरी सावली जुळेना, तेव्हा दादाच्या फोनचं घड्याळ चुकीचं धरलं. मग मात्र टेकडीची कड सीमेवरच्या एका बर्फाळ खिंडीशी अशी बसली, जशी कुलपात किल्ली.

मावशीला सांगितलं, तिथे दिवसासुद्धा पाणी गोठतं. तिने फोटो पुन्हा निरखला.

"मग हा अर्ध्या बाहीत कसा?"

"उंचावर ऊन प्रखर असतं, मावशी."

विज्ञानापुढे आईचं काय चालणार! तिने त्याच दिवशी लोकर आणली. स्वेटर झाले, मोजे झाले, कानटोप्या झाल्या. पत्ता माहीत नसल्यामुळे सगळं सोफ्यावर साठत गेलं आणि काका खुर्चीवर आले. इथवर ठीक होतं. पण मग मावशीने पांघरूण सोडलं. लेक तिकडे गारठतोय आणि मी गोधडीत लोळू का, असं तिचं म्हणणं. ती थंड पाण्याने आंघोळ करू लागली. पंखा जोरात लावून नुसत्या फरशीवर झोपू लागली. काका घरात कोट घालून वावरत होते आणि मी दिसले की म्हणायचे, तुझ्या खिंडीत आम्हीही राहतोय हो.

आठवड्याभरात मावशी तापाने फणफणली. छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, ऊब हवी, नाहीतर फुप्फुसांवर जाईल. मावशी मात्र गोधडीला हात लावू देईना. काकांची थट्टा बंद झाली. "तू तिला वर चढवलंस," ते हळूच म्हणाले, "आता तूच उतरव."

मी दादाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो "आलोच," म्हणाला आणि फोन ठेवला.

बिचारा! मी काकांना समजावलं, की आधी खेचर, मग ट्रक, मग रेल्वे. चार दिवस तरी धरा. काकांचा चहा संपायच्या आत बेल वाजली. दारात दादा. अर्ध्या बाह्या, धापा टाकतोय, आणि जिन्याखाली सायकल.

त्याची नेमणूक टाकीमागच्या कोठारात होती, गणवेश आणि बूट मोजायला. लपवलं का, तर मागच्या बदलीत मावशी दर रविवारी डबा घेऊन छावणीच्या फाटकावर हजर व्हायची. एकदा तिने सगळ्या तुकडीदेखत साहेबांना सांगितलं होतं, की याला इतक्या पहाटे उठवू नका, याचं पोट नाजूक आहे. तेव्हापासून तुकडीत त्याचं नाव 'नाजूक' पडलं होतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझं पहिलं उत्तर काय आलं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही.

मावशी रागावली नाही. तिने दादाचा हात हातात घेऊन चाचपला, ऊबदार आहे याची खात्री केली, स्वतःच गोधडी गळ्यापर्यंत ओढली आणि घोरू लागली.

ती खडखडीत बरी झाली आणि कोठारावर डबा सुरू झाला. रोज, दोन्ही वेळा. नव्या साहेबांनाही पोटाची हकिकत कळली. दोनेक महिन्यांत दादाने अर्ज करून बदली मागून घेतली, आणि या वेळी जागेचं नावही आपणहून सांगितलं. मी नकाशा उघडून पाहिला. तीच खिंड! सोफ्यावरची सगळी लोकर त्याच्याबरोबर गेली.

काकांना मी आता एवढंच सांगते : माझं उत्तर चुकलं नव्हतं, जरा लवकर आलं होतं.