रस्त्यापलीकडचं फायबर

"वरपर्यंत सांगून ठेवलंय मी! गल्लीच्या डाव्या बाजूला पहिलं फायबर येणार, ते आपल्याच घरात!" असं म्हणून काकांनी कप असा काही आपटला, की बशीलाही ते पटलं असावं.

"वरपर्यंत म्हणजे कुठपर्यंत, बाबा?" सुनेने विचारलं.

"वरपर्यंत म्हणजे वरपर्यंत!"

काकू काही बोलल्या नाहीत. सकाळी उठल्यापासून दुपारची पानं वाढेपर्यंत मौन, हा त्यांचा रोजचा नेम. लग्नानंतर लवकरच धरलेला, आणि काकांचा स्वभाव पाहता मोठ्या शहाणपणाने धरलेला!

गल्लीची गंमत अशी, की उजव्या बाजूला इंटरनेटचं फायबर कधीच आलं होतं. समोरच्या शिंप्याच्या दुकानात म्हणे पापणी लवायच्या आत सगळं उघडायचं. डाव्या बाजूला मात्र तीच जुनी केबल. एखादं पान उघडायला घ्यावं आणि जुडीभर मेथी निवडून व्हावी! मधला रस्ता जेमतेम दोन हातगाड्यांचा, पण कंपनीच्या नकाशात तिथे समुद्र असावा.

आणि नेमकी आज अकरा वाजता सुनेची मुलाखत होती, लॅपटॉपवर. नोकरी मिळाली तर घरी बसून काम करायचं. नाही मिळाली तर परगावचं दुसरं काम पत्करायचं आणि शनिवार-रविवारपुरतं घरी यायचं. तीन वर्षांची छोटी रात्री आईच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे. काकूंनी पहाटे देवापुढे दुसरं काही मागितलंच नव्हतं.

दहा वाजून गेले आणि फाटक वाजलं. दारात मिशाळ वायरवाला, खांद्यावर केबलचं भेंडोळं.

"निळं फाटक, हेच ना? जुनी लाइन काढून नवी टाकायचीय."

काकूंच्या लगेच ध्यानात आलं. निळं फाटक समोरच्या बाजूलाही एक होतं! त्यांनी घाईघाईने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं.

"हो हो, तिथूनच ओढणार लाइन!"

काकूंनी पंजा पुढे केला. थांबा!

"पाच मिनिटं? अहो, तीनच लागतील!"

काकूंनी कळवळून हात जोडले.

"अहो, नमस्कार कसला करताय? आमचं कामच आहे ते!" वायरवाला शिडी लावून वर चढलासुद्धा.

तेवढ्यात काका बाहेर आले. शिडीवरचा माणूस पाहून त्यांची छाती सदऱ्याच्या गुंड्या तोडायच्या बेतात आली.

"आलास? वरून निरोप मिळाला ना?"

"साहेब, वरूनच पाठवलंय!"

"बघितलंस?" काका काकूंकडे वळले. "काप रे काप! ते जुनं लटांबर आधी काप!"

काकूंनी त्यांची बाही ओढली. "अगं, कळतंय मला, तुला आनंद झालाय!" काका म्हणाले.

आणि खट्कन आवाज आला.

पाठोपाठ आतून सून धावत आली. "बाबा, नेट गेलं!"

"गेलं नाही, येतंय!" काका म्हणाले.

वायरवाल्याने वरूनच ऑफिसला फोन लावला. पलीकडचं बोलणं ऐकता ऐकता त्याच्या मिशा खाली येऊ लागल्या. "डाव्या बाजूला फायबरच नाही? मग मी कापलं काय?"

सुनेने घड्याळ पाहिलं. अकराला दहा कमी. मोबाइलच्या नेटला या गल्लीत रेंज मिळायची ती फक्त पाण्याच्या टाकीवर, आणि टाकीवर बसून कुणी मुलाखत देत नाही.

"समोर जा," असं काका म्हणू पाहत होते, पण म्हणणार कुठल्या तोंडाने! कारण महिन्यापूर्वी त्यांनीच शिंप्याला चारचौघांत ऐकवलं होतं, "फायबर आलं म्हणून तुमच्याकडचे कपडे वेळेवर मिळतील असं थोडंच आहे!" तेव्हापासून बोलणं बंद.

काकूंनी कुणाची वाट पाहिली नाही. एका बगलेत लॅपटॉप, दुसऱ्या हातात सून, आणि सरळ रस्ता ओलांडला.

दुकानात तीन मशिनी धडधडत होत्या. काकूंनी सुनेकडे बोट केलं, लॅपटॉप उघडून दाखवला, दोन्ही हात फैलावले. सुनेने तोंड उघडलं, पण त्या धडधडीत तिचं कुणाला ऐकू जाणार!

"ड्रेस शिवायचा का सूनबाईंचा? एवढा घेरदार?" शिंप्याने गळ्यातली टेप काढली आणि मापं घ्यायला आपल्या बायकोला हाक मारली.

घड्याळाचा काटा अकराला टेकत आला होता. काकूंनी डोळे मिटले, मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि सगळा जीव गोळा करून ओरडल्या,

"भाऊ, वायफाय!"

लोकांचं मौन सुटतं ते देवाच्या नावाने. काकूंचं सुटलं ते असं!

काकूंचा चढलेला आवाज गल्लीत आजवर कुणी ऐकला नव्हता. शिंप्याने तिन्ही मशिनी जागच्या जागी थांबवल्या. सगळं ऐकून घेतल्यावर कापायच्या टेबलावरचे तागे स्वतः उचलले, खुर्ची पुसली, पासवर्ड टाकून दिला. काकांबद्दल एक अक्षर काढलं नाही.

लॅपटॉप लागला, पापणी लवायच्या आत! मुलाखत छान रंगात आली, आणि पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्यामागे ते कोण सारखी मान डोलावतायत?"

काका! हळूच मागून येऊन उभे राहिले होते आणि सुनेच्या उत्तरांना मार्क देत होते.

शिंप्याने विजेच्या चपळाईने त्यांना बाजूला ओढलं, अर्धवट शिवलेला कोट अंगावर चढवला आणि मानेपासून कमरेपर्यंत टाचण्या खोवल्या. मग कानात म्हणाला, "काका, हललात तर टोचेल. बोललात तर जास्त टोचेल."

मुलाखत संपेपर्यंत काका पुतळ्यासारखे उभे होते. इतकी निवांत सकाळ काकूंना संसारात प्रथमच लाभली. शिंप्याला काय म्हणावं ते त्यांना सुचेना. "भाऊ, देव तुमचं भलं करो," एवढंच पुटपुटल्या आणि पदराने डोळे टिपले.

नोकरी मिळाली. वायरवाल्याने संध्याकाळी येऊन जुनी केबल जोडून दिली, चारदा माफी मागितली आणि काकूंच्या आग्रहाने जेवूनच गेला. पण त्या केबलवर कुठलं काम होणार! सून रोज शिंप्याकडेच बसू लागली, छोटी तिथे चिंध्यांच्या बाहुल्या करू लागली, आणि रात्री पदराचं टोक तिच्या मुठीतच राहिलं. काका-शिंपी पुन्हा बोलू लागले. म्हणजे काका बोलू लागले.

काही महिन्यांनी रस्ता खणला गेला आणि डाव्या बाजूलाही फायबर आलं. सगळ्यात शेवटी, काकांच्या घरात. तरी काकांनी स्वतःच्या हाताने राउटर फडताळावर मांडला, खिडकीजवळ टेबल लावलं, खुर्चीवर उशी ठेवली.

"ये सूनबाई! आता कशाला हवं त्या मशिनींच्या धडधडीत बसायला?"

सुनेने लॅपटॉप काखोटीला मारला, चपला पायात सरकवल्या आणि अगदी अदबीने म्हणाली,

"बाबा, तिथल्या मशिनी बंद करता येतात हो!"