जुना माल आधी

लग्नाला तीन वर्षे झाल्यावर जावयाने सासऱ्यांकडे पहिल्यांदा काही मागितले, आणि मागितले तेही काय, तर पाच दिवस एका माणसाला जेवू घाला. हा माणूस कॉम्प्युटरात राहत असे. त्याचे नाव लोखंड्या.

जावई दातांचा डॉक्टर. सोमवार ते शुक्रवार तो दंततपासणीच्या शिबिरासाठी डोंगराळ भागात चालला होता आणि तिथे फोनला रेंज नव्हती. लोखंड्या ज्या खेळातला, त्या खेळातले जग मात्र कुणासाठी थांबत नसे. जावई आणि त्याची पाच मित्रमंडळी दोन वर्षे त्या जगात नांदत होती. लाकडे तोडत, घरे बांधत, अस्वले दिसली की पळत सुटत. तिथे भूक लागे. मालक हजर असो वा नसो, दिवसातून एकदा पोटात काही गेले नाही तर माणूस मरे आणि त्याची सगळी कमाई मातीमोल होई.

"बाबा, तुम्ही कराल का एवढं? हिला वेळ नाही. आणि ती म्हणते, मेला तर बरंच होईल."

"त्यात काय मोठं," सासरेबुवा म्हणाले.

वरवर सहज म्हणाले, पण मनातून फार सुखावले. लेकीकडे मुक्कामाला येऊन त्यांना पंधरा दिवस झाले होते आणि जावयाशी बोलायला विषय सापडत नव्हता. तीन वर्षांत दोघांचे संभाषण "तोंड उघडा" आणि "चूळ भरा" यापुढे गेलेच नव्हते. सासरेबुवांची कवळी जावयानेच बसवली होती, आणि चोख बसवली होती. पण कवळी बसली म्हणून माणसे जवळ येतात असे नाही. त्यात परवा चहासाठी साखर शोधताना त्यांना वरच्या फळीवर, पार मागे, अंजिरांचा लाकडी डबा दिसला. लग्नात त्यांनी हौसेने जावयाला दिलेला. सील जसेच्या तसे. आपली वस्तू याला नकोशी आहे, तेव्हा आपणही त्यातलेच, असे त्यांनी मनाशी धरले आणि चहा बिनसाखरेचाच पिऊन टाकला.

जावयाने जाताना सगळे एका कागदावर लिहून दिले. कॉम्प्युटर कसा सुरू करायचा, पेटारा कसा उघडायचा, कोणते बटण दाबले की लोखंड्या खातो. खाली लिहिले होते, 'पेटाऱ्यात खायला भरपूर आहे.' त्यातले काय घालायचे, ते लिहिले नव्हते. कुणाही शहाण्या माणसाला ते कळेल असे त्याला वाटले असावे. पण सासरेबुवा नुसते शहाणे नव्हते, बिस्किटांच्या कारखान्यात चौतीस वर्षे स्टोअरकीपर होते.

सोमवारी सकाळी त्यांनी चष्मा पुसला, पेटारा उघडला आणि कपाळाला हात लावला. पुढे चारशे उकडलेले बटाटे, आणि मागे कोपऱ्यात पाच सुटे नग: चांदणी भोपळा, हिमबोर, आंधळी अळंबी, सातपाकळी मध, गरुडाचे अंडे. प्रत्येकी एक. बाण नेऊन ठेवला की वस्तू कोणत्या दिवशी मिळाली ते दिसे. बटाटे गेल्या आठवड्याचे होते आणि भोपळा अकरा महिन्यांपूर्वीचा.

"अकरा महिने," ते लेकीला म्हणाले. "तुझ्या नवऱ्याचं स्टोअरवर अजिबात लक्ष नाही."

"बाबा, मला ऑफिसला उशीर होतोय."

जुना माल आधी बाहेर, हा एकच नियम सासरेबुवांनी आयुष्यभर पाळला होता. समोरचा ताजा माल उचलून जुना कोपऱ्यात कुजवणाऱ्या दोन मदतनिसांची त्यांनी डबे रंगवायच्या विभागात बदली करवली होती. तेव्हा बटाट्यांना हात लावायचा प्रश्नच नव्हता. सोमवारी त्यांनी लोखंड्याला भोपळा खाऊ घातला.

लोखंड्या कंदिलासारखा उजळला. मंगळवारी हिमबोर खाऊन तो बर्फात अनवाणी हिंडू लागला. बुधवारच्या अळंबीने त्याला भिंतीपलीकडचे दिसू लागले, गुरुवारच्या मधाने अस्वले त्याला वाट देऊ लागली, आणि शुक्रवारी सकाळी अकराला अंडे पोटात जाताच तो जमिनीपासून वीतभर वर उचलला गेला. जुन्या मालाची प्रत काही औरच असते, असे म्हणत सासरेबुवांनी खुर्चीतल्या खुर्चीत पाठ ताणली.

इतक्यात समोर काळ्या कपड्यांतली एक आकृती आली आणि स्पीकरमधून बाईचा आवाज आला. मागे सुरीने काहीतरी चिरल्याचा टकटकाट चालू होता.

"लोखंड्या, तू चमकतोयस का रे?"

"कोण बोलतंय?"

"मी कावळा. तुझ्या आवाजाला काय झालं?"

"मी डॉक्टरांचा सासरा. ते शिबिराला गेलेत. याचं खाणंपिणं सध्या माझ्याकडे आहे."

"अय्या, नमस्कार काका. पण हा चमकतोय कशानं?"

"वेळच्या वेळी जेवतोय. तब्येत सुधारली."

"बरं झालं तुम्ही भेटलात. उद्या पाच वाजता आम्ही सगळे डोंगरातल्या दारापाशी जमतोय. दारापुढे दगडी टेबल आहे, त्यावर पाच ताटं कोरलीत. त्यात त्या पाच वस्तू मांडल्या की दार उघडणार. अकरा महिने राखल्यात डॉक्टरांनी. जीव आहे त्यांचा त्यात. नीट आहेत ना?"

सासरेबुवांची कवळी जागच्या जागी सरकली.

"माल जागेवर आहे," ते म्हणाले. साठ्याबद्दल ते जन्मात पहिल्यांदा खोटे बोलले होते. "समजा, एखादा नग खराब निघाला, तर दुसरा कुठे मिळेल?"

"मिळतोय कुठला? मध तेवढा दलदलीपलीकडच्या फिरत्या व्यापाऱ्याकडे असतो कधीमधी, पण तो बदल्यात फार मागतो. आणि अंडं तर अख्ख्या जगात ते एकच."

कावळा गेल्याबरोबर सासरेबुवांनी चारशे बटाटे लोखंड्याच्या पाठीवर लादले आणि अंड्याच्या जोरावर त्याला दलदलीवरून उडवत नेले. व्यापाऱ्याने चारशेच्या चारशे बटाटे घेतले आणि मधाची एक बरणी दिली. घासाघीस करायला बटणच नव्हते. पण पाचातला एक नग तरी परत कोपऱ्यात बसणार होता, म्हणून त्यांना हायसे वाटले.

परतीच्या वाटेवर अंड्याचा जोर ओसरला आणि लोखंड्या डोंगराच्या पार पलीकडच्या उतारावर उतरला. आता पायी चढायचे. उडण्याने भूक चौपट लागते, हे कागदावर नव्हते. शिखरापाशी भुकेची पट्टी लाल झाली, लोखंड्या पोट धरून वाकला, आणि झोळीत मधाच्या बरणीखेरीज काही नव्हते. सासरेबुवांनी चार वेळा बटणावर बोट नेले आणि मागे घेतले. पाचव्या वेळी दाबले. लोखंड्या टुणटुणीत झाला आणि स्टोअर झाडून रिकामे झाले.

संध्याकाळी जावई आला तो खांद्यावरची बॅगही न उतरवता म्हणाला, "बाबा, जिवंत आहे ना?"

"जिवंत आहे. धडधाकट आहे. तुम्ही जरा बसा."

त्यांनी सोमवारपासून एकेका दिवसाचे सगळे सांगितले. काही लपवले नाही, काही सारवले नाही. जावयाने पेटारा उघडला आणि आतल्या रिकाम्या चौकोनांवरून एकेक करून बाण फिरवला.

"बटाटेपण?"

"बटाटेपण."

"असू दे, बाबा," जावई म्हणाला. दाढ काढण्यापूर्वी तो पेशंटला ज्या आवाजात 'काही दुखणार नाही' म्हणे, तोच हा आवाज होता.

"अरे, खेळ आहे तो," लेक म्हणाली. ते दोघांपैकी कुणालाच रुचले नाही.

त्याने चार शब्द सुनावले असते तर सासरेबुवांना झोप लागली असती. तीन वर्षांत एक जबाबदारी मिळाली आणि तिची आपण ही वाट लावली, याचे त्यांना मनापासून वाईट वाटले. सकाळी त्यांनी बॅग भरली. "सहाच्या गाडीने निघतो," ते म्हणाले. "पण पाच वाजता तुमच्या मंडळींना मीच सांगणार. चूक स्टोअरची आहे, डॉक्टरांची नाही."

पाच वाजता सासरा-जावई शेजारी शेजारी बसले. दगडी टेबलाभोवती पाच जण उभे होते, ताटे लखलखत होती. सासरेबुवांनी घसा साफ केला. "मंडळी, तो सगळा माल माझ्या हातून खर्ची पडला. याला खाऊ घातला मी."

कावळ्याकडचा सुरीचा टकटकाट थांबला. जावयाने मान खाली घातली आणि लोखंड्याला निमूटपणे टेबलापाशी आणून उभे केले.

डोंगर हादरला. दार करकरत बाजूला झाले आणि त्यावर अक्षरे उमटली: 'पाचही ज्याच्या पोटात, त्याला वाट.'

"म्हणजे ते खायचं होतं?" कावळा म्हणाली. "अकरा महिने आम्ही ती ताटं पुसत बसलोय."

"ताटं होती ना," सासरेबुवा म्हणाले. "मग दुसरं काय करणार?"

आत एकच झाड होते आणि झाडाला एकच निळे फळ. जावयाने ते तोडले. त्याचा हात सवयीने झोळीकडे वळला आणि थबकला.

"बाबा, ठेवू का हे? एखाद्या खास दिवसासाठी?"

"तुम्ही चांगली वस्तू नेहमी अशीच ठेवून देता का?"

जावई उठला आणि स्वयंपाकघरात गेला. स्टूल सरकवल्याचा आवाज आला. परतला तेव्हा त्याच्या हातात अंजिरांचा डबा होता आणि तो त्यावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसत होता.

"तुम्ही दिलेला होता," तो म्हणाला. "असाच येताजाता कसा संपवायचा? हिलासुद्धा हात लावू दिला नाही मी."

सासरेबुवांनी डबा हातात घेतला. तो उलटा करून त्यांनी तळाची तारीख वाचली. "मुदत संपून सव्वा वर्ष झालं."

"मग आता?"

"आता काय? जुना माल आधी," म्हणून त्यांनी सील फोडले.

अंजिरे दगड झाली होती. लेकीने एक चाखून परत ठेवले. ते दोघे मात्र मुकाट्याने चावत राहिले. तिसऱ्या अंजिराला सासरेबुवांच्या तोंडात कटकन आवाज झाला आणि त्यांनी गालावर हात ठेवला. जावयाने खुर्ची पुढे ओढली.

"तोंड उघडा, बाबा."

सासरेबुवांना हसू आवरेना, त्यामुळे तोंड आपोआपच उघडले. हसताना जावयाचाही हात हलत होता, म्हणून कवळी काढायला फार वेळ लागला आणि सहाची गाडी निघून गेली.