बादली, पोळपाट, नातू

अंबादासअण्णा रस्त्यात भेटले की रामराम नंतर. आधी आपलं कोपर धरायचे. दोनदा वाकवायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "मास्तर, सांधा लई ताठ हाय की!" आमच्या हेडमास्तरांचं कोपरही त्यांनी भर भाजीबाजारात असंच तपासलं होतं.

अण्णा सोलापुरातल्या एका गिरणीत माग दुरुस्त करायचे. तिथंच कामाला असलेल्या त्यांच्या बायकोचा, लक्ष्मक्कांचा, उजवा हात यंत्रात सापडून कोपराच्या वरून तुटला. दवाखान्यातून लाकडी हात मिळाला. अण्णांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"ह्यो हात न्हाय, ओंडका हाय. माणसाचा सांधा कामापरमाणं ताठ व्हतो, मऊ व्हतो."

झालं! मोडक्या मागांच्या स्प्रिंगा घेऊन ते अंगणात बसले. पहिला हात चहाचा कप तोंडाऐवजी खांद्यावर नेई. दुसरा त्यांनी स्वतःच्याच दंडाला बांधून पाहिला, तर स्प्रिंग सुटली आणि दूधवाल्याची टोपी गटारात गेली. ती धुऊन देताना अण्णा खुशीत होते. "जोर बघितला का, मास्तर?"

मग लेकीला दिवस गेले. अपघातातही न रडलेल्या लक्ष्मक्का त्या दिवशी रडल्या. "पोराला मी कशी घेऊ?"

अण्णांना खाणंपिणं सुचेना. शेवटी कोपराला एक चावी बसली. पिळली की सांधा घट्ट, उलटी फिरवली की सैल. चावीच्या खुणांना त्यांनी नावं दिली: सगळ्यात घट्ट 'बादली', मधली 'पोळपाट', सगळ्यात मऊ 'नातू'.

लेक बाळंतपणाला आली आणि गल्लीभर अण्णांच्या आरोळ्या ऐकू येऊ लागल्या, "अगं, पोरगं देऊ नको, अजून बादलीवर हाय!" लक्ष्मक्का शांतपणे डाव्या हातानं चावी फिरवत आणि बाळ घेत. ते त्या लाकडी कुशीत झोपे. अण्णा श्वास रोखून बघत बसत. बाळाकडे की सांध्याकडे, कळत नसे.

एका सकाळी मी वर्तमानपत्र मागायला गेलो. दार उघडंच होतं. लाकडी हात खुंटीवर होता. लक्ष्मक्का पाटावर बसलेल्या आणि मागं अण्णा, तोंडात आकडा धरून, त्यांची वेणी घालत होते. तेलकट बोटं सराईत चालली होती.

मी चेष्टेनं म्हणालो, "अण्णा, एवढं सगळं केलंत, मग वेणीची खूण का नाही?"

अण्णा कानापर्यंत लाल झाले. आकडा तसाच दातांत धरून पुटपुटले, "परयत्न चाललाय की. लई अवघड काम हाय ते."

लक्ष्मक्कांनी मान हलवली नाही.

"चालू द्या सावकाश," त्या म्हणाल्या. "मला काय घाई न्हाय."